सर ओरडतात, पण का ते सांगत नाहीत

आंतरमहाविद्यालयीन सामने संपत आले की विद्यापीठाच्या संघांची निवड होते, शिबिरं लागतात आणि माझ्याकडे येणारी पत्रं एकाच विषयाभोवती फिरू लागतात: आमचे प्रशिक्षक. कुणाचे फार कडक, कुणाचे फार मवाळ, कुणाचे गप्प. खेळाडू म्हणून आणि नंतर शारीरिक शिक्षण संचालक म्हणून माझं आयुष्य याच मैदानांवर गेलं, त्यामुळे ही पत्रं मला परकी वाटत नाहीत. यातली चार पत्रं इथे घेते. नावं आणि महाविद्यालयं अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : *मॅडम, मी वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून खो-खो खेळते. क्लबकडून खेळताना मी दोन मिनिटं सहज पळते. यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली, पण शिबिरात पन्नास सेकंदांच्या वर टिकत नाही. इथले सर सतत ओरडतात, पण का ते सांगत नाहीत. ‘डोकं कुठाय तुझं’, ‘झोपलीस का’ एवढंच. आमचे क्लबचे सरही ओरडायचे, पण तेव्हा असं होत नव्हतं. रोज रात्री क्लबच्या सरांना फोन करते. मी कमी पडतेय का? शिबिर सोडून घरी जावंसं वाटतं.*

शिबिर सोडू नकोस. तू कमी पडत नाहीस. दोन मिनिटं पळणाऱ्या मुलीचे पाय पंधरवड्यात मंदावत नसतात.

क्लबचे सरही ओरडायचे हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस, ते बरं केलंस. म्हणजे त्रास आवाजाचा नाही. क्लबचे सर काय ओरडायचे ते आठव. ‘खांदा बघ’, ‘पोल सोड’, ‘आत ये, आत’. त्या प्रत्येक हाकेत पुढच्या पावलाला काय करायचं ते असायचं. ‘डोकं कुठाय’ यात तसं काहीच नाही. काहीतरी चुकलं एवढं कळतं, काय चुकलं ते कळत नाही. मग तू काय करतेस? मी सांगते, कारण अशा कितीतरी मुली मी पाहिल्यात. तू पळता पळता सरांकडे बघायला लागतेस.

आपल्या खेळात हे फार महाग पडतं. पाठलाग करणारीचा खांदा एकदा एका खांबाकडे वळला की खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात गेल्याशिवाय तिला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. तुला मात्र दोन्ही मुभा आहेत. संरक्षण करणारीची सगळी कमाई त्या खांद्यात असते. तो वळायच्या आधी तू हललीस तर ती तुला पाहून दिशा घेते, उशिरा हललीस तर सूर मारून गाठते. त्यात पाटीवर बसलेल्या आठजणींची तोंडं एकीआड एक विरुद्ध दिशेला, त्यामुळे खो नेमका तुझ्या पाठीमागून येतो. इतकं सगळं डोळ्यांनी टिपायचं असताना नजर क्षणभर सीमारेषेबाहेर गेली की संपलं. तुझे पन्नास सेकंद तिथे गेले. ओरडा बसेल ही धास्ती असली की माणूस खेळ बघत नाही, ओरडणाऱ्याला बघतो.

कडक आणि मवाळ या दोनच खणांत प्रशिक्षक टाकायची आपल्याला सवय आहे. मला ती मोडावीशी वाटते, म्हणून एक जुना अभ्यास सांगते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. बारा हंगामांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळवली. १९७४-७५ च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला बसून राहिले आणि हा माणूस मुलांशी काय बोलतो, काय करतो याची नोंद ठेवली. २,३२६ नोंदी झाल्या. शाबासकीच्या नोंदी सात टक्क्यांच्या आसपास आणि नाराजीच्याही जवळपास तेवढ्याच. मोठा हिस्सा, सुमारे तीन-चतुर्थांश, निव्वळ माहितीचा होता: काय करायचं, कसं करायचं. कुणी चुकलं तर वुडन थांबवायचे, बरोबर कसं ते करून दाखवायचे, लगेच तू असं केलंस हे करून दाखवायचे, पुन्हा बरोबर करून दाखवायचे. हे सगळं तीन ते पाच सेकंदांत, आणि खेळ पुढे सुरू. ना भाषण, ना अपमान.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघू. सरांचा स्वभाव तू बदलू शकणार नाहीस आणि ते तुझं कामही नाही. पण त्यांच्याकडून माहिती काढून घेता येते. सराव संपला, सर पाणी पिऊन जरा निवांत झाले की जवळ जा आणि एकच प्रश्न विचार, अगदी बारीक. ‘सर, माझं कुठे चुकतंय’ असा नको, त्याला ‘सगळंच’ असं उत्तर मिळेल. ‘सर, उजव्या पोलजवळ मी लवकर वळते की उशिरा?’ असा विचार. ओरडणाऱ्या बहुतेक प्रशिक्षकांना खेळ उत्तम कळत असतो, फक्त पाहिलेलं शब्दांत आणायची सवय नसते. नेमका प्रश्न आला की ते नेमकं बोलतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलेलं करून दाखव, त्यांच्या नजरेस येईल असं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून सांगतील.

मैत्रिणीला तुझ्या तुकडीचा व्हिडिओ मोबाइलवर काढायला सांग. पाटीच्या टोकाकडून, खांबाच्या मागून काढू दे, बाजूने नको, म्हणजे खांदे दिसतील.

आणि रात्री क्लबच्या सरांना फोन करतेस असं लिहिलंस, तो जरूर कर, पण डावपेच विचारायला नको. ते म्हणणार एकेरी साखळी खेळ, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळ, इथले सर म्हणणार कडं घे, म्हणजे गोल फिरत पळ, आणि मैदानात तू दोघांच्या मध्ये अडकशील. स्पर्धा संपेपर्यंत खेळ इथल्या सरांचा. क्लबच्या सरांकडून धीर घे, तो त्यांच्याकडे भरपूर असेल.

प्रश्न : *मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवतो, कुस्ती आणि मैदानी खेळांचे संघ माझ्याकडे आहेत. मी तालमीत वाढलो. वस्तादांनी चोप दिला म्हणून घडलो, असं आजही मानतो. आताची मुलं जरा बोललं की येणं बंद करतात. उशिरा येणाऱ्यांना मी मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतो. सहकारी म्हणतात मित्रासारखं वागा. कडक राहू की मित्र होऊ?*

सर, तुमच्या वस्तादांबद्दलचा आदर मला समजतो. पण त्या तालमीत तुमच्याबरोबर आलेल्या आणि मध्येच सोडून गेलेल्या मुलांची आठवण काढा. चोप खाऊन घडला तो आज पत्र लिहितो. चोप खाऊन गेला त्याचं पत्र कुणाला येत नाही. त्यांच्यात एखादा तुमच्याहून सरस असेलही, ते आता कळायला मार्ग नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असणार, पण त्यातला एक भाग आपण भाषणात गाळतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकताना त्यांना अंगकाठी किरकोळ म्हणून क्रीडाशिक्षकांनी कुस्तीत उतरू द्यायला नकार दिला होता. ते प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि त्यांनी परवानगी दिली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी रीस गार्डनर या परदेशी मार्गदर्शकाने त्यांना तयार केलं. मातीतला हा पैलवान मॅटवर सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा त्याच खर्डेकरांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकल्याचं सांगितलं जातं, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. कष्ट त्यांनी कमी केले का? मुळीच नाही. पण त्यांच्यामागे एकाने दार उघडलं, एकाने नवी विद्या दिली, आणि दार उघडणाऱ्यानेच पुढे पदरमोड केली. महाविद्यालयातल्या खेळाडूला हे सगळं लागतं.

कडक माणसं जिंकतच नाहीत असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट यांनी १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि १९७६ चा संघ तर हंगामात एकही सामना हरला नाही. त्यांचा राग जगजाहीर होता. १९८५ मध्ये त्यांनी भर सामन्यात खुर्ची मैदानात फेकली. पण त्यांची मुलं जिंकायची ती त्यांनी शिकवलेल्या खेळामुळे, आणि नाइट तो खेळ फार खोलवर शिकवायचे. सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याची चित्रफीत बाहेर आली आणि २००० साली विद्यापीठाने अखेर त्यांना काढलं. आपल्याकडे अशा माणसाचा राग उचलतात आणि शिकवणं तिथेच ठेवतात. राग उचलायला सोपा, म्हणून.

फेऱ्यांबद्दल मात्र मी स्पष्ट बोलणार आहे. मेरीलँड विद्यापीठात २९ मे २०१८ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा धावण्याचा सराव चालला होता. जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा मुलगा उष्माघाताने कोसळला. अंग तातडीने थंड करण्यासाठी त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवायला हवं होतं, ते झालं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. पुढच्या चौकशीत त्या संघातल्या खेळाडूंना बोलायची भीती वाटत होती, हे नोंदलं गेलं. तुमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच ऊन काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. शिक्षा म्हणून धावणारा मुलगा ‘सर, चक्कर येतेय’ म्हणत नाही. त्याला वाटतं सर म्हणतील नाटक करतोय. म्हणून शिक्षेचं धावणं आजच्या आज बंद करा. धावणं हा तुमच्या सरावाचा भाग आहे, मुलांना त्याची शिसारी बसली तर मैदानी खेळाचा संघ कशावर उभा राहणार?

उशीर का होतो हे विचारलंत का? आमच्या भालाफेकीच्या गटात एक मुलगी रोज उशिरा यायची. चौकशी केल्यावर कळलं, पहाटे धारा काढून, दूध डेअरीला घालून ती पहिली एसटी पकडायची आणि ती एसटीच आमच्या वेळेनंतर पोहोचायची. सरावाची वेळ एसटीला जुळवली आणि प्रश्न मिटला. वर ती सगळ्यांत आधी मैदानात दिसायला लागली.

कडक की मित्र याचं उत्तर द्यायला मला पॅकियनाथन चेल्लादुरई यांची मोजपट्टी उपयोगी वाटते. हे मूळचे आपल्या भारतातले, कॅनडात आणि अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९८० च्या सुमारास त्यांनी सालेह या सहकाऱ्याबरोबर प्रशिक्षकांचं वागणं मोजायची चाळीस विधानांची प्रश्नावली केली. त्यात पाच गोष्टी वेगवेगळ्या पाहतात: शिकवणं, खेळाडूंना विचारात घेणं, स्वतःच हुकूम देणं, माणूस म्हणून आधार देणं, आणि चांगलं केलं तर तसं सांगणं. हे सगळं एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं. शिस्तीत कडक आणि घरच्या अडचणीत मोठ्या भावासारखा, यात विसंगती काहीच नाही. त्यांच्या मते महत्त्वाचं हे, की मुलांना काय हवंय, प्रसंगाला काय हवंय आणि प्रशिक्षक प्रत्यक्षात काय देतोय याचा मेळ बसतो का. १९८८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत जपान आणि कॅनडाच्या विद्यापीठ खेळाडूंची तुलना प्रसिद्ध केली. जपानी मुलांना हुकूम आणि आधार दोन्ही जास्त हवे होते, कॅनडातल्या मुलांना शिकवणं जास्त हवं होतं. म्हणजे ‘आजची पिढी’ असा एक शिक्का मारून चालत नाही. तुमच्या मुलांना काय हवंय ते तुमच्याच मुलांना विचारावं लागेल.

त्या प्रश्नावलीतली विधानं सोप्या मराठीत उतरवून मुलांकडून नाव न घालता भरून घ्या. आधी तुम्ही स्वतःबद्दल भरा. कॅनडातल्या महिला खेळाडू आणि त्यांच्या प्रशिक्षकांवर १९८५ साली असाच अभ्यास झाला. आपण भरपूर शिकवतो, भरपूर कौतुक करतो असं प्रशिक्षकांना वाटत होतं. खेळाडूंना तितकं वाटत नव्हतं. दोन कागद शेजारी ठेवलेत की पुढच्या महिन्यात काय बदलायचं ते तुम्हालाच दिसेल. तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात तुम्ही दोन संघ सांभाळताय आणि वर हा प्रश्न विचारताय, याची मला मनापासून कदर आहे.

प्रश्न : *माझी मुलगी ८०० मीटर धावते, विद्यापीठाच्या संघात आहे. तिचे प्रशिक्षक सगळ्यांसमोर वजन करतात आणि चार किलो कमी कर, टायमिंग आपोआप सुधारेल म्हणतात. तिने रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलंय. तीन महिने पाळी आलेली नाही. ती म्हणते, जास्त धावणाऱ्या मुलींचं असं होतंच. प्रशिक्षकांशी बोलू का? ती नको म्हणते.*

ताई, प्रशिक्षकांचं नंतर बघू. या आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. सलग तीन महिने पाळी चुकणं ‘होतंच’ या खात्यात टाकू नका. सरावात जितकं जळतं त्या मानाने पोटात कमी जातं, तेव्हा शरीर काटकसर सुरू करतं आणि पाळी थांबवतं. त्याबरोबर हाडंही ठिसूळ होतात. धावणाऱ्या मुलींच्या नडगीला, पावलाला बारीक तडे जातात ते पुष्कळदा यातून. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला आहे. पाळी थांबायची कारणं दुसरीही असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. हिमोग्लोबिन आणि शरीरातलं लोह तपासायला सांगा. सराव किती ठेवायचा तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि रात्रीचं जेवण आजपासून सुरू. भाकरी, भाजी, आमटी, भात, सगळं. संध्याकाळच्या सरावानंतर उपाशी झोपणारी मुलगी सकाळी वेगात धावणार कशी? चार किलो कमी झाल्यावर पहिले काही दिवस टायमिंग सुधारल्यासारखं वाटतं, तिथेच सगळे फसतात.

आता प्रशिक्षक. ते दुष्ट आहेत असं मी धरून चालत नाही. हलकं शरीर वेगात पळतं, एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलंय. पण सगळ्यांसमोर मुलीला काट्यावर उभं करणं चूक आहे, आणि त्याचा पहिला परिणाम तुमच्या पत्रात दिसतोय: तिच्या अंगात काय चाललंय हे ती त्यांना सांगू शकत नाही. प्रशिक्षकाला जे कळणं सर्वांत गरजेचं, तेच त्याच्यापासून लपवलं जातं. खेळातल्या मुलींची कामगिरी मी अशी घसरताना पाहिली आहे, आणि संघात कुणाला कारण माहीत नसायचं.

मुलगी नको म्हणते तर तुम्ही थेट त्यांच्याकडे जाऊ नका, तिचा विश्वास जाईल. ती सज्ञान आहे. महाविद्यालयात कुणी शिक्षिका, संघाबरोबर जाणाऱ्या महिला व्यवस्थापक, जिच्याशी ती बोलते, तिच्यामार्फत डॉक्टरांचं पत्र द्या. त्यात ‘सराव अमुक आठवडे कमी, वजन कमी करू नये’ एवढंच असलं तरी पुरतं, पाळीचा उल्लेख हवाच असं नाही. सर्वांसमोर वजन करणं बंद व्हावं ही मागणी त्या बाईंनी सगळ्या मुलींच्या वतीने करावी. आणि वजनावरून चालणाऱ्या बोलण्यात शरीराबद्दल अचकट काही असेल, तर प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार विद्यार्थिनी तिथे तक्रार करू शकते. हे तिला माहीत असू दे.

प्रश्न : *आमचे कबड्डीचे सर फार चांगले आहेत, कधी रागावत नाहीत. पण टाइम-आऊटलाही ‘बोला, तुम्हाला काय वाटतं’ विचारतात. सातजण सात गोष्टी बोलतात आणि वेळ संपते. मागचा सामना दोन गुणांनी गेला. त्यांना दुखवायचं नाही, काय करू? मी संघाचा कर्णधार आहे.*

असे सर मिळाले हे तुमचं भाग्य, त्यांना जपा. पण टाइम-आऊट तीस सेकंदांचा असतो. त्यात धापा टाकणाऱ्या मुलांना मत विचारलं तर ती गोंधळतात. तिथे हुकूमच हवा, आणि तो देणारा आवाज एकच हवा.

सरांकडे तू एकटाच जा, संघ घेऊन नको. त्यांना सांग, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आपण सगळे बसू. डाव्या कोपऱ्याने घोट्याला हात घातला की त्याच्या शेजारचा बचावपटू, म्हणजे कव्हर, कधी आत येणार, समोरचे सहा किंवा सात मैदानात असताना बोनससाठी कोण जाणार, दोन गुणांची आघाडी असताना शेवटच्या चढाईत नुसता वेळ काढायचा की नाही, हे तिथे ठरवू आणि तिथे आम्ही पोटभर बोलू. सामन्यात मात्र सर, तुम्ही सांगा आणि आम्ही ऐकू. मुलांचं ऐकणाऱ्या माणसाला हे पटायला जड जाणार नाही.